गुढियारीतलं जहाज

"मांजी, ये अंदर घुसा कैसे था?" नत्थूने विचारलं.

काचेची पेटी दारात तिरकी अडकली होती. एका बाजूने माझा मुलगा यशदीप, दुसऱ्या बाजूने नत्थू, आणि मधे जहाज. नत्थूची सामान वाहायची छोटी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

"घुसा नहीं था, बेटा," मी म्हणाले. "यहीं बना है."

यशदीपने पेटी हळूच खाली टेकवली आणि कपाळ पुसलं. "आई, मंग पेटी बनवतानी दार मोजलं नाही का कोनी?"

"तुह्या बाबानं कारागीर घरातच बोलावला होता. काच, अॅल्युमिनम, सगळं इथंच बसून जोडलं. बाहेर न्यायचं आहे, असं कोन म्हटलं होतं तवा?"

स्क्रू काढून यशदीपने काच वेगळी केली, आणि जहाज उघडंच उचललं. पाण्याने काठोकाठ भरलेली परात न्यावी तसा तो पावलं टाकत निघाला. रायपुरातल्या गुढियारीच्या आमच्या गल्लीत माणसं दारात आली. पोरं मागे लागली. तिन्ही डोलकाठ्या, पांढरी फुगलेली शिडं, बाजूने डोकावणाऱ्या पितळी तोफा, आणि वर तीन लाल-पांढरे झेंडे. इतकी वर्षं ते आतल्या खोलीत होतं. अर्ध्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, ठाऊकच नव्हतं.

समोरचे म्हातारे भैया काठी टेकत पुढे आले. "ए ह पानी म चलही का, दाई?"

"नाही भैया, बुडन."

"त काबर बनाए रहिस?"

कशाला बनवलं होतं, याचं उत्तर गल्लीत उभं राहून देण्यासारखं नव्हतं. "हव," ते स्वतःशीच म्हणाले, जसं काही मी उत्तर दिलंच होतं.

नत्थूने गाडीत गादी घातली होती. जहाज गादीवर ठेवून यशदीप त्याच्या शेजारी मांडी घालून बसला, मंत्रालयातला अधिकारी असूनही. नवा रायपुरात त्याला फ्लॅट मिळाला होता. हॉलमध्ये भिंतीत मोठा कोनाडा होता आणि तिथे बाबांचं जहाज ठेवायचं त्याने ठरवलं होतं. तसं फोनवर विचारलं होतं मला. मुलगा बापाची वस्तू मागतो तेव्हा आईने नाही कसं म्हणावं, मला समजलं नाही.

"रविवारी भंतेजी येनार आहेत," तो गाडीतून म्हणाला. "परित्राण पाठ आहे, मंग जेवन. तू सकाळीच ये. पायजे तं तिथंच राहा."

'पायजे तं' हे त्याने सहजच म्हटलं असेल. गाडी गेली. मी आत येऊन दाराला कडी लावली.

*

माझे यजमान हरिदास रंगारी मालगाडीचे गार्ड होते. मालगाडीच्या अगदी शेवटी एक छोटा डबा असतो, त्याला ब्रेकव्हॅन म्हणतात. त्यात गार्ड एकटा बसतो. इंजिनात निदान दोघं असतात, एकमेकांशी भांडायला तरी. गार्डाच्या पुढे नुसता कोळसा आणि लोखंडाची माती, आणि मागे पळत जाणारे रूळ. सिग्नल नाही मिळाला तर गाडी जंगलात तासन्‌तास उभी. त्यांची गाडी बहुतेक टिटलागढपर्यंत असायची. तिथे ती दुसऱ्या गार्डाच्या ताब्यात द्यायची. तो माल पुढे विशाखापट्टणमच्या बंदरावर जायचा आणि हे दुसरी गाडी घेऊन रायपुरला परत. जन्मभर समुद्राकडे माल पाठवला, पण समुद्र पाहिला नाही.

घरी आले की आंघोळ, जेवण आणि झोप. मी नागपूरजवळच्या गावातून लग्न होऊन आले तेव्हा अठराची होते आणि बोलकी होते. पहिल्या वर्षी मी खूप बोलायचे. ते "हं" म्हणायचे. मग माझंही हळूहळू कमी झालं. यशदीप झाला, तो मोठा झाला, त्याची शाळा, त्याचा ताप, त्याचे मास्तर, सगळं मीच पाहिलं. यशसाठी बाबा म्हणजे दुपारी अंधार करून झोपलेलं माणूस. आवाज करायचा नाही.

ते रिटायर झाले ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी छत्तीसगड राज्य झालं. रायपुर राजधानी झाली. रस्त्यात फटाके वाजत होते. "मी घरी काय बसलो, राज्यच बदलून गेलं," ते म्हणाले. त्यांचा एवढा मोठा विनोद मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं, आता बोलतील.

बोलले नाहीत. खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवायचे आणि बसायचे. गार्डाला मागचं बघत बसायची सवय असते. मी स्वयंपाक करायचे, वाढायचे. पूर्वी दुपारी मी एकटी असायचे तेव्हा एकच ताट असायचं. आता दोन ताटं होती, फरक तेवढाच. शेजारणी म्हणायच्या, कलावतीबाई, तुमचा तर बाई जीव भांड्यात पडला आता, साहेब घरी. मी हो म्हणायचे.

रेल्वेत ज्या पार्सलांना कोणी धनी येत नाही, त्यांचा लिलाव होतो. यजमानांचा एक जुना मित्र पार्सल ऑफिसात होता, म्हणून ते तिथे जाऊन बसायचे. लोक पंखे, सायकली, कपड्यांचे गठ्ठे घेतात. हे एक दिवस एक लांब खोका घेऊन आले. वरचं चित्र पाण्याने धुऊन गेलं होतं. आत लाकडाच्या सुतासारख्या बारीक पट्ट्या, काड्या, पितळेचे तुकडे, दोऱ्यांची रिळं आणि एक घडी केलेला मोठा कागद.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"पेटी असन बाजाची. खोलून ठेवलेली," ते म्हणाले. "विहारात देऊन देऊ. भजनाले होईन."

यश तेव्हा कॉलेजात होता. त्याने कागद उलगडून पाहिला आणि हसायलाच लागला. "बाबा, हे जहाज आहे. जुन्या टाइमचं, लढाईचं. मॉडेल बनवायचं किट. ये लो, ये तोपें हैं."

"जहाज?" ते म्हणाले. पितळेचा एक तुकडा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले. विहाराचं नाव पुन्हा काढलं नाही.

कागदावर आकृत्या होत्या. अक्षरं इंग्रजी, पण शब्द इंग्रजी नाहीत, असं यश म्हणाला. शिवाय एका कोपऱ्याला वाळवी लागली होती. ते आकृत्यांवरूनच करत गेले. जेवणाचं टेबल त्यांनी व्यापलं. आम्ही खाली बसून जेवायला लागलो. पट्ट्या गरम पाण्यात भिजवायच्या, वाकवायच्या, टाचण्यांनी धरून ठेवायच्या. पुष्कळ मोडल्या. बांबूच्या टोपल्या करणाऱ्या कंडरांकडे जाऊन ते वाकवायची रीत पाहून आले. यश नोकरीला बिलासपुरला गेला, त्याचं लग्न झालं, आणि इकडे जहाजाला हळूहळू पोट आलं.

एक दिवस त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. "यशची माय, इकडं ये. पाय."

जहाजाच्या मागच्या बाजूला खिडक्या होत्या, आणि त्यांच्यावर एक इवलासा पितळी कंदील त्यांनी नुकताच बसवला होता.

"टेललॅम्प," ते म्हणाले. "गाडीच्या मागं लावतो ना आमी, तसाच. म्हंजे यायच्यातही मागं एक मानूस बसत असन. इथं, या खिडकीत."

"एकटाच?"

"एकटाच असन."

मी वाकून त्या खिडकीत पाहिलं. आत काही नव्हतं. पण त्यांनी मला बोलावून काही दाखवलं होतं, म्हणून मी बराच वेळ पाहत राहिले.

मग दोऱ्या आल्या. जहाजाला किती दोऱ्या असतात याची मला कल्पना नव्हती. काठ्यांपासून खाली, काठ्यांमधून आडव्या, शिड्यांसारख्या. त्यांची बोटं जाड, गाठ बसेना. दोन दिवस झगडून त्यांनी चिमटा टेबलावर ठेवला. "तू मारून पाय. तुह्या हाताची गाठ बारीक येते."

मी त्यांच्यासमोर बसले. ते दोरा ताणून धरायचे, मी गाठ मारायचे. समोरासमोर बसलं आणि हात कामात असले की माणूस बोलतो. नजर द्यावी लागत नाही म्हणून असेल. आधी जहाजाचंच बोलायचो. हे खेच, ते सोड. मग एक दिवस त्यांनी आपणहून सांगितलं, "ब्रेकव्हॅनमधी मी बोलत होतो, मालूम आहे?"

"कोनाशी?"

"एकटाच. आवाज बसून जाऊ नये म्हून. तुह्याशीच बोलत होतो समज. भाजी काय केली, पोट्टा काय करून राहिला, ताप उतरला का त्याचा."

माझ्या हातातली गाठ तशीच राहिली. "मंग घरी आल्यावर काहून नाही बोलले?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला. उगाच उत्तर द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "घरी येईपरेंत बोलून होऊन जाये," ते म्हणाले.

मी गाठ मारली. ती कोणती, ते मला आजही दाखवता येईल. मधल्या काठीची, उजवीकडची, खालून पहिली.

त्यानंतरची वर्षं आमच्या संसाराची. लोक लग्नापासून धरतात. मी त्या दोऱ्यांपासून धरते. ते मला जंगलातली स्टेशनं सांगायचे, मी त्यांना यशचं लहानपण सांगायचे. त्याच्या पहिल्या पावलाची गोष्ट ऐकून म्हणाले, "मी कुठं होतो तवा?" मी म्हणाले, "टिटलागढला." आम्ही दोघं हसलो.

शिडांचं कापड खोक्यात होतं, पण त्याला बुरशी लागून काळे डाग पडले होते. मी त्यांचा ड्युटीचा जुना पांढरा शर्ट आणि पँट काढली. गार्डाचा गणवेश पांढरा असतो. ते कापड झिजून मऊ झालं होतं. त्यातून मी शिडं कापली, काठ दुमडून शिवले, तांदळाच्या खळीत बुडवली आणि पालथ्या तांब्यांच्या पोटावर वाळवली. वाळल्यावर ती अशी फुगून उभी राहिली की वाटावं आत्ता वारा भरला. त्यांनी एकेक शीड हातात घेऊन पाहिलं. "माह्या पँटीले एवढी हवा कधी नाही लागली," ते म्हणाले.

शेवटी झेंडे राहिले. कागदाचा तो कोपरा वाळवीने खाल्ला होता.

"कोनत्या बाजूनं उडवायचे?" मी विचारलं.

"गाडी पुढं चालली का झेंडा कुठं जाते?"

"मागं."

"मंग."

बाकी सगळ्या गाठी माझ्या, पण झेंड्यांच्या त्यांनी मला मारू दिल्या नाहीत. "झेंडा गार्डाचा असते," ते म्हणाले. त्यांचा हात तेव्हा कापायला लागला होता. एकेका झेंड्याला अख्खी दुपार लागली. गाठी जाड्या-भरड्या झाल्या, पण बसल्या.

पुढच्या थंडीत ते गेले. दुपारी खुर्चीतच. मी चहा घेऊन आले होते.

*

रविवारी सकाळी मी स्टेशनवरून नवा रायपुरची बस धरली. एक गेली की दुसरी केव्हा येईल याचा भरवसा नसतो, म्हणून लवकरच निघाले. शहर सुटल्यावर रस्ता एवढा रुंद होतो की पलीकडची माणसं ओळखू येऊ नयेत; पण माणसंच नसतात. झाडं लावलेली, दिवे लावलेले, चौक केलेले, आणि मधून एखादी मोटार. बसमध्ये मी, कंडक्टर आणि दोन बायका होतो. त्या मंत्रालयाजवळ उतरल्या.

फ्लॅट छान होता. सून सरिताने पाया पडून मला हॉलमध्ये बसवलं. खुर्च्या मांडल्या होत्या, बुद्धाच्या मूर्तीपुढे फुलं होती. कोनाड्यात वरून दिवा सोडला होता आणि त्याखाली जहाज. आमच्या खोलीत ते कधी इतक्या उजेडात नव्हतं. शिडं चमकत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, दिसलं कोणाला तरी.

माझी नात साक्षी माझ्या बाजूला येऊन बसली. अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. "आजी, पता है, इसमें एक गलती है," ती म्हणाली. "झंडे उल्टे हैं."

"उलटे कसे?"

"नीचे वाले राव अंकल ने बताया. वो नेवी में थे. अभी आएँगे, ठीक करने."

यशदीप आतून आला. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की हे त्याला माझ्यासमोर इतक्यात यायला नको होतं. "आई, काही नाही, छोटीशी गोष्ट आहे. आज ऑफिसचे सारे लोकं येऊन राहिले. दोन साहेबही आहेत. सगळ्यायले सांगतलं मी, बाबानं स्वतः बनवलं म्हून. अन् कोनी म्हटलं का झेंडेच उलटे, तं बाबाचंच हसं होईन. तीन तं गाठी आहेत. कापायच्या अन् फिरवून फेविक्विक लावून द्यायचं."

"कापायच्या?"

"सुटतच नाहीत ना. मी पायलं."

मी उठून कोनाड्याजवळ गेले. सुटणार नव्हत्याच. नवशिक्याची गाठ सुटत नाही. साऱ्या जहाजावर त्यांच्या हाताच्या तेवढ्याच तीन होत्या.

राव आले. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. विशाखापट्टणमला नौदलात होते. मुलीकडे राहायला इथे आले होते. हातात चिमटा आणि पातं. माझ्याकडे पाहून त्यांनी ते दोन्ही खिशात ठेवलं आणि हात जोडले.

"माताजी, बहुत बढ़िया काम है. मैंने म्यूज़ियम में भी ऐसी रस्सियाँ कम देखी हैं."

"झेंड्याचं काय चुकलं?" मी विचारलं. मग हिंदीत विचारलं.

त्यांनी मुलाला समजवावं तसं, पण मान राखून सांगितलं. रेल्वेत इंजिन ओढतं, म्हणून वारा समोरून लागतो आणि झेंडा मागे जातो. पण शिडाच्या जहाजाला वाराच ढकलतो. तो मागून येतो. शिडं ज्या बाजूला फुगतात, त्याच बाजूला झेंडा उडतो. शिडं पुढे फुगलीत आणि झेंडा मागे, असं होऊच शकत नाही.

इतकं सोपं होतं. आम्ही दोघांनी ती शिडं रोज पाहिली, आणि आम्हाला सुचलं नाही. जन्मभर ज्याने ब्रेकव्हॅनमधून झेंडा दाखवला, त्याला सुचणारही कसं?

"राहू दे, यश," मी म्हणाले. "कोनाले समजते?"

"समजते, आई. यायले समजलं ना." त्याचा आवाज जरा चढला. "अन् तुले काहून एवढं वाईट वाटून राहिलं? मलेच वाटाले पायजे. बाबा त्या जहाजासोबत जेवढे बसले, तेवढे माह्यासोबत एक दिवस नाही बसले. मी सुट्टीत येवो, तं तुमी दोघं टेबलावर वाकलेले. मी म्हनो, बाबा, तं ते म्हनत, 'थांब, दोरा सुटन.' तरी मीच हे घरी आनलं. मीच लोकायले दाखवून राहिलो."

सरिता दारात थबकली. साक्षी माझ्याकडे पाहायला लागली. रावांनी खिडकीबाहेर नजर वळवली.

मला राग आला नाही. तो खरंच बोलत होता. आम्हाला बोलायला उशिरा सापडलं होतं आणि त्या नादात पोरगा दारात उभा राहिला, हे मी पाहिलंच नव्हतं.

"तुह्याबद्दल बोलत होते ते," मी म्हणाले. "गाडीत."

"काय?"

"ब्रेकव्हॅनमधी एकटेच बोलत होते. पोट्टा काय करून राहिला, ताप उतरला का त्याचा. मलेही मालूम नव्हतं. दोऱ्या बांधतानी सांगतलं मले. घरी येईपरेंत बोलून होऊन जाये, म्हने."

यशदीप खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग खाली पाहून म्हणाला, "कवा सांगतलं होतं?"

"तू बिलासपुरला होता तवा."

"मले सांगाचं ना कोनी."

"आता सांगतलं."

रावांनी घसा साफ केला. पाहुणे यायची वेळ होत होती. चिमटा खिशातच होता, आणि निर्णय माझ्यावर सोडलाय हे मला दिसत होतं. एक सांगते, चुकीचा झेंडा तसाच राहू देणं माझ्या यजमानांना स्वतःला चाललं नसतं. चुकीचा झेंडा दाखवणं गार्डाच्या नोकरीत फार वाईट. पण गाठी कापायच्या म्हणजे त्यांचा हातच कापायचा.

"भाईसाहब," मी रावांना विचारलं, "झंडा पीछे जाए, ऐसा कभी होता ही नहीं क्या?"

राव जहाजाकडे वळले. मिशीवरून बोट फिरवलं. "होता है, माताजी," ते हळूच म्हणाले. "जब जहाज खड़ा हो. लंगर डालकर खड़ा हो तो मुँह अपने आप हवा की तरफ़ घूम जाता है. तब झंडा पीछे ही जाएगा. बिल्कुल ऐसे ही. लेकिन..." ते थांबले.

"लेकिन?"

"तब पाल नहीं रहते. उतार लेते हैं."

सगळ्यांनी शिडांकडे पाहिलं. कोनाड्यातल्या दिव्याखाली दुसरं काही दिसतच नव्हतं खरं तर. येणारा जाणारा तीच पाहणार होता.

"मम्मीजी, सुंदर तो पाल ही हैं," सरिता म्हणाली.

"आजी, ये तो आपने बनाए थे ना?" साक्षीने विचारलं.

"हव," मी म्हणाले. "तुह्या आजोबाच्या पँटीचे आहेत. छोटी कैची आन."

यशदीप म्हणाला, "आई, खरंच? झेंडे तं झेंडेच आहेत ना."

"ते तुह्या बाबाचे आहेत. हे माहे आहेत. माहे मी काढू शकते."

टाके माझेच होते, कुठून उसवायचे ते माहीत होतं. खुर्ची ओढून मी बसले. साक्षीने चष्म्यावर पडणारा उजेड अडवायला हात धरला. एकेक शीड सुटत गेलं. राव मोकळ्या झालेल्या दोऱ्या चिमट्याने वळवून आडव्या काठ्यांना गुंडाळत होते, आणि कसं गुंडाळतात ते साक्षीला दाखवत होते. यशदीप आधी लांब उभा होता. मग जवळ आला आणि मी देईन ते शीड तळहातावर घ्यायला लागला. तो शर्टाचा कुठला भाग, पँटीचा कुठला, ते मी त्याला सांगत होते. एका शिडावर टाचणीच्या भोकांएवढ्या खुणा होत्या. तिथे त्यांच्या नावाची पट्टी लागायची. त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

शेवटी रावांनी पुढचा पितळी नांगर सोडवून दोरीने खाली सोडला. तो कोनाड्याच्या फळीला टेकला.

"अब कोई गलती नहीं निकाल सकता," ते म्हणाले.

जहाज एकदम लहान दिसायला लागलं. नुसत्या काठ्या, दोऱ्या, आणि वर मागे उडणारे तीन झेंडे. पानं झडलेल्या झाडासारखं उघडं. पण खोटं नव्हतं.

भंतेजी आले, पाठ झाला, जेवणं झाली. ऑफिसातल्या एका बाईंनी विचारलंच, "इसमें पाल नहीं लगाए?" मी काही बोलायच्या आत यशदीप म्हणाला, "ये खड़ा जहाज है, मैडम. मेरे माँ-बाबा ने बनाया है." त्याआधी तो 'बाबांनी' म्हणत होता. मला तेवढं ऐकू आलं.

संध्याकाळी तो म्हणाला, "आज राहा ना, आई." या वेळी 'पायजे तं' म्हणाला नाही.

"उद्या नळाले पानी यायचा दिवस आहे," मी म्हणाले. "पुढच्या वेळेस राहीन."

तो मला बसपर्यंत सोडायला आला. तिथे आम्ही दोघंच उभे होतो, त्या एवढ्या मोठ्या रस्त्यावर. बस यायला खूप वेळ लागला. त्याने मला विचारलं, टिटलागढ कसं आहे. मी म्हणाले, मी पाहिलं नाही, पण सांगता येईल. आणि सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोबत आणलेली शिडं पिशवीतून काढली. जवळून पाहिलं तर इतक्या वर्षांत खळ पिवळसर पडली होती. बादलीत भिजत घातली, हलक्या हाताने साबण लावला, शेवटच्या पाण्यात जराशी नीळ टाकली. खळ निघून गेली तसं त्यांचं फुगलेपण गेलं. पुन्हा ते जुनं, मऊ कापड झालं. अंगणातल्या दोरीवर माझ्या लुगड्याच्या शेजारी मी ती एका ओळीत चिमट्यांनी लावली.

कुंपणापलीकडून शेजारची गोदू डोकावली. "काकर लइका आए हे, दाई? नान्हे-नान्हे कपड़ा सुखोए हस."

"कोनाचं लेकरू नाही आलं, गोदू," मी म्हणाले. "यांचेच आहेत. ड्युटीचे."

ती आपल्या कामाला गेली. ऊन चांगलं होतं, पण वारा नव्हता. मी एक शीड उलटून पुन्हा लावलं. खालची बाजू अजून ओली होती.